‘तेवढे परत आले की थांबतो’

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या छत्तीस वर्षांच्या वाचकाचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. २०२२ च्या आयपीएलमध्ये मित्रांच्या नादाने त्यांनी ४९ रुपयांची टीम लावायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी एकदा ३८ हजार लागले, त्यातून आईला फ्रीज घेतला, घरात कौतुक झालं. मग रमी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हा काही दिवस सुटल्यासारखं वाटलं. नंतर कंपनीतल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘आयडी’, म्हणजे एजंटकडे पैसे भरून खेळायचं खातं, काढून दिला आणि विमानाचा खेळ सुरू झाला. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये, मागच्या सीटवर, स्क्रीनचा उजेड कमी करून ते खेळतात.

आज डोक्यावर ३ लाख १० हजार आहेत. लोन अ‍ॅपचे १ लाख २० हजार, आधीच उचललेल्या भिशीचे ६०, मित्राचे ४०, आणि बायकोच्या गंठणावर काढलेले ९० हजार. गंठण लॉकरमध्ये आहे अशी तिची समजूत आहे. या जानेवारीत एका आठवड्यात १ लाख १० हजार आले होते. त्यातल्या ७० हजारांत गंठण सोडवलं, ४० हजार ‘खेळायला’ आयडीत ठेवले. फेब्रुवारी संपायच्या आत गंठण परत गहाण पडलं.

त्यांचे शब्द असे: “जिंकलो की मी थांबू शकतो, माझा कंट्रोल आहे. हरलो की मात्र राहवत नाही. निदान दीड लाख परत आले तर बाकीचं पगारातून फेडीन आणि कायमचा सोडीन. तोपर्यंत बायकोला सांगू का, की पैसे भरून निघाल्यावर सांगू? हरल्यावर मन ताब्यात कसं ठेवायचं ते सांगा. कधी कधी वाटतं, यातून सुटायचा एकच रस्ता उरलाय.”

---

नमस्कार.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यानंतर येतं. तुम्ही ते एका ओळीत लिहून मोकळे झालात, पण मला ते ओलांडून पुढे जाता येत नाही. जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील, तर हे पुढचं वाचायच्या आधी १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. आणि आज एका तरी माणसाला, भावाला, मित्राला, कोणालाही, तोंडाने सांगा की मला असे विचार येतात. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाच्या मनात हे येतं, आणि तो ते फार लपवतो. ३ लाख १० हजार ही तुमच्या घराला मोठी रक्कम आहे, पण ती फिटणारी आहे. यापेक्षा मोठी कर्जं साध्या पगारातून फिटलेली मी पाहिली आहेत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारलं आहे की हरल्यावर मन ताब्यात कसं ठेवायचं. म्हणजे दुखणं हरण्यात आहे, असं तुम्ही धरून चाललात. पण तुमच्याच पत्रातला जानेवारी महिना पुन्हा वाचा. त्या आठवड्यात तुम्ही जिंकलात, आणि साधंसुधं नाही, १ लाख १० हजार. गंठण घरी आलं. थांबायला यापेक्षा चांगली वेळ कोणती असणार होती? तरी तुम्ही ४० हजार आयडीत ठेवलेत. ते ठेवले तेव्हा तुम्ही हरलेले नव्हता. कोणी मागे लागलं नव्हतं. तुम्ही जिंकलेले होता आणि परत जायची तयारी करून ठेवत होता.

म्हणून ‘जिंकलो की मी थांबू शकतो’ हे मला पटत नाही. रागावू नका. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही, तुम्हाला आतून ते खरंच तसं वाटत असणार. जिंकल्यावर परत जाण्याची घाई नसते, त्यामुळे त्याला आपण कंट्रोल समजतो. हरल्यावर छातीत धडधड होते, हात लगेच फोनकडे जातो, म्हणून तेवढंच डोळ्यांत भरतं. दोन्हीकडून माणूस परत तिथेच पोचतो. फरक एवढाच की हरलेला त्याच रात्री पोचतो आणि जिंकलेला चार दिवसांनी, ऐटीत.

हे नुसतं माझं मत नाही. हरल्यावरची घाई प्रयोगांमध्ये मोजून पाहिलेली आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की पैसे लावून हरलेला माणूस पुढचा डाव जिंकलेल्यापेक्षा लवकर सुरू करतो. हरल्यावर माणूस थबकेल, विचार करेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो वेग वाढवतो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की तोट्यात असलेला माणूस एरवी घेणार नाही असा धोका घेतो, कारण त्याला ‘शून्यावर’ परत यायचं असतं. घोड्यांच्या शर्यतींत दिवसाच्या शेवटच्या रेसला लोक हटकून कमी शक्यतेच्या, पण लागलाच तर सगळं भरून काढेल अशा घोड्यावर पैसे लावतात, हे त्याचं जुनं उदाहरण आहे. तुमच्या बसमधल्या शेवटच्या वीस मिनिटांत रक्कम वाढत जाते का, आठवून बघा. घर जवळ येतं, आणि हरल्याचं तोंड घेऊन घरात शिरायचं नसतं.

जिंकण्याचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. आलेले पैसे आपल्याला कमावलेले वाटत नाहीत. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० च्या अभ्यासात हेच पाहिलं: नुकतंच जिंकलेल्या माणसाला पुढचा तोटा कमी बोचतो, कारण तो ‘त्यांच्याच’ पैशांतून जातोय असं त्याला वाटतं. तुमचे ते ४० हजार याच खात्यात बसतात. तुमच्या पगाराचे ४० हजार तुम्ही एका एजंटच्या हवाली केले असते का? नसते केले. पण ते जिंकलेले होते, म्हणून ‘खेळायला’ वेगळे निघाले. खरं तर गंठण सुटलं त्या दिवशी ते ४० हजार तुमचेच होते. त्यांनी मित्राचं सगळं देणं त्याच दिवशी फिटलं असतं.

आणि तो फ्रीज. त्या ३८ हजारांचं मोल तुमच्या घरात आजही रोज दिसतं. हरलेले पैसे कुठेच दिसत नाहीत, कारण ते थोडे थोडे, रात्री, एकट्याने गेलेले असतात. टपरीवरही जिंकल्याचेच स्क्रीनशॉट फिरतात, हरल्याचा कोणी दाखवत नाही. त्यामुळे मनातला हिशेब कायम एका बाजूला झुकलेला राहतो. माझी एक विनंती आहे: बँकेचं स्टेटमेंट काढा, या जानेवारीपासूनचं. प्रत्येक वेळी आयडी लोड केला ती तारीख लिहा आणि त्यापुढे लिहा की त्याआधीचा डाव जिंकला होता की हरला. मला अंदाज आहे काय दिसेल, पण ते मी सांगून उपयोग नाही, तुमच्या अक्षरात दिसायला हवं.

विमानाच्या खेळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो ज्यांनी खेळलेला नाही त्या वाचकांना कळत नाही की शिकला-सवरलेला माणूस यात अडकतो कसा. स्क्रीनवर विमान उडतं, आकडा एकपासून वर चढत जातो. दीडपट, दुप्पट, तिप्पट. ते कधीही अचानक गायब होतं. त्याआधी बटण दाबलं तर तेवढे पट मिळतात, नाही दाबलं तर लावलेले सगळे जातात. आता बघा, यात जिंकलेला माणूससुद्धा हळहळतो. हजार लावले, दीडपटीला काढले, पाचशे सुटले, आणि डोळ्यांसमोर विमान चौदापटीपर्यंत गेलं. मनात राहतात ते न मिळालेले साडेबारा हजार. म्हणजे डाव जिंकूनही माणूस हरल्याच्या चटक्यासह पुढचा डाव लावतो. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ मध्ये ‘थोडक्यात हुकलेल्या’ डावांचा अभ्यास केला होता. असा डाव लोकांना आवडत नाही, पण पुढे खेळायची इच्छा तो वाढवतो, आणि मेंदूत जिंकण्याच्या वेळी जे भाग जागे होतात तेच काही भाग तेव्हाही जागे होतात. या खेळात जवळजवळ प्रत्येक डाव थोडक्यात हुकल्यासारखा वाटतो.

यात पुन्हा वेग आहे. आपल्याकडे मटका काही कमी घरांना नडला नाही. पण मटक्याला ओपन आणि क्लोज होता, मधे तास जायचे, माणूस घरी यायचा, जेवायचा, कोणीतरी दोन शब्द सुनवायचं. विमान अर्ध्या मिनिटात पुन्हा उडतं. हरणं आणि परत जाणं यांच्यात पूर्वी जी जागा होती, ती उरलेलीच नाही.

आता हिशेब. या प्रकारच्या खेळात लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी ९७ परत येतात असं सांगितलं जातं. तेच खरं धरू. ३ टक्के म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? तासाला १०० डाव, डावाला हजार, म्हणजे तासात १ लाखाची उलाढाल, आणि सरासरी ३ हजार तोटा. त्या गतीने तुमचे ४० हजार तेरा-चौदा तासांत संपतात. म्हणजे काही रात्रींच्या बसप्रवासात. मधे कधी ६० हजार दिसले असतील, कधी १५, पण उतार त्याच दिशेला होता. हे सगळं खेळ प्रामाणिक आहे असं धरून. व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेल्या आयडीच्या मागे कोण बसलंय, आकडा खरा फिरतो का, हे तपासायला तुमच्याकडे काहीही साधन नाही.

दीड लाख परत यायला हवेत, असं तुम्ही लिहिता. हरत असलेल्या माणसाची निवड कशी बदलते याचा मोठा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जुएमिन शू आणि नायजेल हार्वी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ऑनलाइन बेटिंगच्या खऱ्या नोंदी घेतल्या होत्या. सलग जिंकणारे लोक पुढची बेट जास्त सुरक्षित लावू लागतात, कारण नशीब आता फिरेल अशी त्यांना धास्ती असते. सलग हरणारे जास्त धोक्याची लावू लागतात, कारण आता आपली पाळी येणारच असं त्यांना वाटतं. त्यामुळे जिंकणारे जिंकत जातात, हरणारे हरत जातात. पण गंमत पुढे आहे: लांबलचक जिंकत गेलेल्यांनाही एकूण कमाईत इतरांपेक्षा काही जास्त मिळालं नव्हतं. तुम्ही आज दीड लाखाच्या मागे आहात, म्हणजे तुम्ही त्या दुसऱ्या गटात बसून खेळणार. आणि ‘आता लागणारच’ याला आधार काहीच नाही. १९१३ साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटचा गोळा सलग २६ वेळा काळ्यावर पडला होता. आता लाल येणारच म्हणून लोक लावत गेले आणि बुडाले. गोळ्याला मागचं काही आठवत नसतं.

थोडक्यात, ‘तेवढे परत आले की थांबतो’ ही योजना तुम्ही एकदा करून पाहिली आहे. जानेवारीत ती यशस्वी झाली होती. तरीही तुम्ही थांबला नाहीत. म्हणून थांबण्याची तारीख कुठल्याही आकड्याला बांधू नका. तीन लाख दहा हजारांवर थांबायचं, आज, तोट्यात.

हे पचवणं कठीण आहे, मला कल्पना आहे. गेलेले पैसे गेले असं म्हणताना इतक्या रात्रींवर पाणी सोडावं लागतं. पण आतापर्यंत ही रक्कम तुमच्या मनात ‘अडकलेले पैसे’ आहे, म्हणजे कुठेतरी पडून आहेत, काढायचे आहेत. ते कुठेही पडून नाहीत. ते साधं कर्ज झालंय, आणि कर्ज पगारातून फिटतं. आयडीत आणखी पॉइंट उरले असतील तर तेही सोडून द्या. काढायला गेलात की एजंट बोनस देईल, ‘मिनिमम विड्रॉ’ची अट सांगेल, आणि तुम्ही परत आत असाल. नंबर ब्लॉक करा, ग्रुप सोडा, निरोप घेत बसू नका.

बायकोला कधी सांगायचं? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, भरून निघाल्यावर सांगायचं. ती वाट मी वर बंद केली आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे की लपवण्यासाठी लागणारे पैसे हेच खेळायचं सर्वांत मोठं कारण होऊन बसतं. दुसरी, थोडं सांगायचं. लोन अ‍ॅपचे सांगायचे, गंठणाचं नाही. बहुतेक जण हीच वाट धरतात आणि माझ्या मते हीच सर्वांत वाईट. कारण ती एकदा सावरेल, कदाचित माहेरून पैसे आणून देईल, आणि दोन महिन्यांनी गंठणाचं कळेल. तेव्हा तिला पैशांपेक्षा जास्त लागेल ते हे, की मी विचारलं होतं, ‘अजून काही आहे का?’, आणि तुम्ही ‘नाही’ म्हणाला होता. तिसरी वाट, सगळं, एकदाच, कागदावर लिहून सांगायचं. मी तीच सांगेन.

कागदावर म्हणजे खरोखर कागदावर. कोणाचे किती, व्याज किती, हप्ता किती तारखेचा, गंठण कुठल्या बँकेत, पावती कुठे. खेळायला सुरुवात कधी केली, शेवटचं कधी खेळलात. मुलगी झोपल्यावर किंवा तिला आजीकडे ठेवून, रविवारी, रात्री उशिरा नको. बायकोच्या स्वभावाची भीती वाटत असेल, किंवा तुमच्या स्वतःच्या मनाचीच खात्री नसेल, तर दोघांच्या विश्वासातलं एखादं माणूस बरोबर बसवा: तिचा भाऊ, तुमची थोरली बहीण. ती रडेल, ओरडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तिने त्याच संध्याकाळी माफ करावं अशी अपेक्षा धरू नका. ‘आईला सांगू नकोस’ असं वचनही मागू नका. तुमचं गुपित वागवायचं ओझं तिच्यावर का? तिला फक्त दोन गोष्टी द्या: पूर्ण आकडा आणि पैशांच्या किल्ल्या.

किल्ल्या म्हणजे काय ते सांगते, कारण मन ताब्यात ठेवण्यापेक्षा हे जास्त चालतं. हुक्की आली की ती बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. त्या अर्ध्या तासात हातात पैसे नसले की बरंच निभावतं. पगाराच्या खात्यावरचं यूपीआय बंद करा. २०२४ पासून ‘यूपीआय सर्कल’ ही सोय आली आहे, तिच्यात दुसऱ्याच्या खात्यातून आपण पैसे देऊ शकतो आणि प्रत्येक व्यवहाराला त्या माणसाची मंजुरी लागेल अशी व्यवस्था ठेवता येते. बायको मुख्य, तुम्ही दुय्यम. चहा-पेट्रोलला अडत नाही, रात्री बारा वाजता आयडी लोड होत नाही. डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधूनच बंद करता येतात, एटीएमची मर्यादा खाली आणता येते. पगार दुसऱ्याच दिवशी घरखर्चाच्या अशा खात्यात वळवा, जिथे दोघांच्या सह्या लागतात. लोन अ‍ॅप फोनमधून काढलं म्हणजे कर्ज संपत नाही, पण नवं कर्ज एका टिचकीवर मिळणं थांबतं. तेवढं आत्ता पुरे.

हे तुम्हाला लहान मुलासारखं वाटेल. आठ-दहा महिन्यांची गोष्ट आहे. पाय मोडला की प्लास्टर घालतो, त्यात कमीपणा नसतो.

फेडीचा क्रम मला विचाराल तर गंठण आधी. हप्ते थकले की सोन्याचा लिलाव होतो, आणि त्या सोन्याशी पैशांपलीकडचं नातं आहे. लोन अ‍ॅपच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली संस्था आहे का ते बघा. असेल तर हप्ते लांबवून मागता येतात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमक्या येत असतील, फोनमधल्या नंबरांवर मेसेज टाकू म्हणत असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि जवळच्या सायबर पोलिसांकडे तक्रार करा. भिशी चालू ठेवा, ती सोडलीत तर दहा घरांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मित्राला तारीख देऊ नका जी पाळता येणार नाही. खरं सांगा आणि महिन्याला दोन हजार तरी देत राहा.

कायद्याची भीती अनेकांना मदत मागण्यापासून रोखते, म्हणून तेही सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा जो कायदा केला, त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्याला आहे. नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जाऊन हे बोलल्याने तुमच्यावर काही येणार नाही. धोका दुसरीकडे आहे. आयडीचे पैसे भलत्याच कोणाच्या तरी खात्यातून येतात. ते खातं एखाद्या फसवणुकीच्या तक्रारीत सापडलं, तर तुमचंही खातं गोठू शकतं, पगारासकट. आणि एजंट ‘तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो’ म्हणाला, तर चुकूनही हो म्हणू नका. कर्जात असलेल्या माणसालाच ते गाठतात.

उपचारांचं म्हणाल तर हा आजार म्हणून मान्य झालेला आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात जुगाराला दारू-अफूच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवलं आहे, आणि त्याच्या नऊ लक्षणांतलं एक तर तुमचं पत्रच आहे: हरलेले पैसे भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून जाता येतं. विचार आणि सवयींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत यात चांगली चालते, काहींना डॉक्टर औषधही देतात. ‘मला ऑनलाइन जुगाराची सवय लागली आहे’ एवढं एक वाक्य बोललात की बाकीचं ते विचारतील. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे.

हे पत्र वाचणाऱ्या बायका, आया, भाऊ यांच्यासाठी दोन शब्द. घरातला माणूस कबूल झाला की पहिली धाव कर्ज फेडून टाकायची असते. त्याच्या हातात एकरकमी पैसे देऊ नका. द्यायचेच असतील तर थेट बँकेत, थेट मित्राच्या खात्यात भरा, पावती घ्या. एका रात्रीत सगळं कर्ज मिटलं, तर त्याच्या मनात तेही एक जिंकणंच होतं. आणि ‘जिंकलास तेव्हा बरा घेतलास फ्रीज’ असं बोलू नका. त्या दिवशी आपण सगळेच खूश होतो. शेजारणीला दाखवला होता तो.

तुमच्यासाठी राहिलं ते बसचं. सेकंड शिफ्ट बदलून मागता आली तर उत्तम. नाही तर पुढच्या सीटवर, कोणाच्या तरी शेजारी बसा. त्या वेळेला फोनवर बोलायला एखादं माणूस ठरवून ठेवा, गाणी ऐका, झोपा. क्रिकेटच्या दिवसांत मॅचच्या वेळी एकटे राहू नका. आणि पगाराच्या आठवड्यात जास्त जपा. खात्यांची सगळी कामं पगार व्हायच्या आधी उरका, नंतर नाही.

कदाचित मधे एखादी रात्र घसराल. बऱ्याच जणांचं होतं. तेव्हा ‘झालंच आता’ म्हणून पुढे जाऊ नका, आणि ते भरून निघेपर्यंत थांबूही नका. रक्कम कितीही असो, दुसऱ्या दिवशी रात्रीच्या आत बायकोला आकडा सांगायचा, एवढं दोघांनी आत्ताच ठरवून ठेवा. दोनशे असले तरी सांगायचे. जिंकलात, तरीसुद्धा सांगायचं.